सुएझ दहा वर्षांत पूर्ण करणाऱ्या माणसाला पनामात अपयश का आले?

निफाडचा बागायतदार

नमस्कार मंडळी.

माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि आमचा माल न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातो. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला, तेव्हा कंटेनर पोहोचायला जवळपास दोन आठवडे जास्त लागले. द्राक्षाची पेटी उघडली की घेणारा मण्याआधी देठ पाहतो. देठ हिरवा असेल तर माल ताजा, तपकिरी पडला असेल तर भाव खाली. त्या हंगामात रोज रात्री जहाज कुठवर गेले हे मोबाइलच्या नकाशावर पाहत बसायचो आणि त्या नादात या कालव्यांचा इतिहास वाचू लागलो.

वाचताना दोन ठिकाणी अडलो. फर्दिनांद द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थांनी 1859 मध्ये सुएझची खोदाई सुरू केली आणि 17 नोव्हेंबर 1869 रोजी कालवा जहाजांना खुला झाला. त्याच लेसेप्स यांनी पुढे पनामाचे काम हाती घेतले, अफाट पैसा उभा केला, आणि तरीही 1889 मध्ये कंपनी बुडाली. लांबी पाहावी तर सुएझ मूळचा सुमारे 164 किलोमीटर आणि पनामा 80 च्या आसपास, म्हणजे जेमतेम निम्मा. मग घोडे अडले कुठे?

दुसरी शंका शेतकऱ्याची आहे. पाट वरून खाली वाहतो, एवढे आम्हाला पक्के ठाऊक आहे. पनामात मात्र जहाज समुद्रातून 26 मीटर वर चढते, डोंगर ओलांडते आणि पलीकडे उतरते, आणि त्यासाठी पंप लावलेले नाहीत, असे वाचले. हे कसे घडते ते कोणी जाणकार नीट समजावून सांगतील का?

सेवानिवृत्त अभियंता, नाशिक रोड

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पनामातल्या चाग्रेस नावाच्या एका नदीत आहे. माझी सारी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामात गेली, त्यामुळे मी हा इतिहास सर्वेक्षणाच्या बाजूने वाचत आलो आहे.

आधी सुएझ पाहू. तेथे सर्वांत मोठा अडसर एका चुकीच्या लेव्हलचा, म्हणजे उंचीच्या मोजणीचा होता. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत ल पेर या अभियंत्याच्या पथकाने घाईत मोजणी केली आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे 10 मीटर उंच असल्याचा निष्कर्ष काढला. कालवा खणला तर पाण्याचा लोंढा येईल ही भीती त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे टिकली. 1847 मध्ये पुन्हा काटेकोर लेव्हल काढली गेली, तेव्हा दोन्ही समुद्र जवळजवळ एकाच पातळीवर असल्याचे सिद्ध झाले. एकदा हे कळल्यावर उरले ते सपाट, बहुतांशी वाळूचे वाळवंट. वाटेतला सर्वांत उंच उंचवटा वीस मीटरांच्या आसपास होता, नदी आडवी येत नव्हती आणि पाऊस नावालाच होता. मध्ये कडू सरोवरांचे कोरडे खळगे तर आयतेच मिळाले होते. अशा भूमीत खणत जावे आणि समुद्र आत घ्यावा, एवढेच करायचे असते.

लेसेप्स हे मुत्सद्दी होते. त्यांचे शिक्षण अभियंत्याचे नव्हते. माणसे जोडणे, राज्यकर्त्यांचे मन वळवणे आणि सामान्य लोकांकडून भांडवल उभे करणे यांत त्यांचा हातखंडा होता, आणि सुएझला याच गुणांची गरज होती. 1879 मध्ये पॅरिसला पनामासाठी परिषद भरली, तेव्हा त्यांनी सुएझचेच उत्तर पुढे ठेवले: समुद्रपातळीवरचा, एकही दार नसलेला कालवा. त्याच परिषदेत गोदँ द लेपिने या फ्रेंच अभियंत्याने वेगळी योजना मांडली होती. हा डोंगर समुद्रापर्यंत कापत बसू नका, नदीला धरण बांधून वर तलाव करा आणि जहाजे पायऱ्यांनी त्या तलावात चढवा, असे त्याचे म्हणणे होते. मतदान 74 विरुद्ध 8 असे लेसेप्स यांच्या बाजूने झाले. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त हळहळ या आठ मतांबद्दल वाटते, कारण पस्तीस वर्षांनी जो कालवा प्रत्यक्षात उघडला तो मूळ कल्पनेत लेपिनेचाच होता.

परिषदेनंतर, 1879 च्या अखेरीस, लेसेप्स पनामाला गेले ते ऐन कोरड्या हंगामात. कोणी फाल्गुनात येऊन दारणेचे पात्र पाहावे आणि त्यावरून पूररेषा ठरवावी, तसे हे झाले. चाग्रेस नदी कालव्याच्या ओळीला पुन्हा पुन्हा छेदून जात होती, आणि पावसाळ्यात ती एका दिवसात दहा मीटरपर्यंत चढत असे. कॅरिबियन किनाऱ्यावरचा पाऊस साधारण आपल्या इगतपुरीइतका, पण तो वर्षातले आठ महिने रेंगाळणारा. समुद्रपातळीवर कालवा खणायचा म्हटल्यावर ही सारी नदी कालव्यात कोसळणार होती, आणि तिचे काय करायचे याचे समाधानकारक उत्तर फ्रेंचांना शेवटपर्यंत सापडले नाही.

त्यात कुलेब्राची खिंड होती. तेथे कालव्याच्या ओळीवर डोंगरमाथा समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंच होता. घट्ट मुरमात खड्डा घेतला तर त्याची कड उभी राहते, पण भिजल्यावर फुगणाऱ्या मातीत ती उभी राहत नाही, हे नाशिक जिल्ह्यात विहीर खणणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. कुलेब्रात चिकणमाती आणि भुसभुशीत खडक यांचे थर एकमेकांवर होते. पाऊस मुरला की वरचा थर खालच्या थरावरून घसरे. जितके खोल जावे तितका उतार मागे घ्यावा लागे, म्हणजे खोली वाढली की रुंदीही वाढे आणि काढायच्या मातीचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागे. फ्रेंचांनी एकूण सहा कोटी घनमीटरांच्या आसपास माती काढली, ती वाया गेली असेही नाही. पण 1887 मध्ये लॉकची, म्हणजे दारे असलेल्या हौदांतून जहाज पायरीपायरीने वर चढवण्याची, योजना मान्य करून ग्युस्ताव्ह आयफेल यांना कामावर घेईपर्यंत वेळ आणि पैसा दोन्ही संपत आले होते. कंपनी बुडाली तेव्हा लाखो लहान गुंतवणूकदारांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली.

अमेरिकेने 1904 मध्ये काम घेतले, तेव्हा तीच चूक पुन्हा होता होता राहिली. सल्लागार अभियंत्यांच्या मंडळात बहुमत पुन्हा समुद्रपातळीच्या कालव्याकडेच झुकले होते. मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी चाग्रेसचा पूर स्वतः पाहिला होता. त्यांनी लॉकच्या बाजूने आग्रह धरला आणि 1906 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो मान्य केला. स्टीव्हन्स हे रेल्वेचे माणूस. खणणे अवघड नाही, खणलेली माती हलवणे अवघड आहे, हे त्यांनी ओळखले आणि कुलेब्रात रुळांच्या अनेक फळ्या टाकून वाफेच्या फावड्यांखाली सतत रिकामे डबे येत राहतील अशी आखणी केली. कसारा घाटात रूळ टाकणे म्हणजे काय असते हे आपल्याकडच्या लोकांना निराळे सांगायला नको. कुलेब्रातून निघालेल्या डबराचा काही भाग चाग्रेसवरच्या गाटून धरणात भराव म्हणून गेला.

आता आपली दुसरी शंका. आपला नियम मोडलेला नाही. तेथेही पाणी वरून खालीच वाहते. गाटून येथे चाग्रेसवर मातीचे धरण बांधले. आपले गंगापूर धरणही मातीचेच आहे. गाटूनची लांबी सुमारे 2.3 किलोमीटर, तर गंगापूर साडेतीन किलोमीटरांहून लांब आहे. उंचीत दोन्ही फार दूर नाहीत. मात्र गाटूनचा पाया जवळजवळ 800 मीटर रुंद ठेवला आहे, इतका तो भराव पसरट आहे. त्यामागे जो तलाव झाला त्याची पातळी समुद्रापासून 26 मीटर. दोन्ही समुद्रांच्या बाजूने या तलावाला तीन-तीन पायऱ्या आहेत. पायरी म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला काँक्रीटचा प्रचंड हौद. जहाज खालच्या हौदात येते, मागचे दार बंद होते, वरच्या बाजूचे पाणी तळातल्या बोगद्यांतून आपल्या भारानेच हौदात उतरते आणि जहाज तरंगत वर येते. पाणी खाली आले आणि जहाज वर गेले, एवढाच हा व्यवहार आहे. फ्रेंचांच्या योजनेत जी नदी संकट होती, तिच्याच पाण्यावर आज कालवा चालतो.

इतिहास शिक्षिका, सिन्नर

सरांचे विवेचन फार उपयुक्त आहे, परंतु सुएझबाबत "खणत जावे आणि समुद्र आत घ्यावा" या वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते. ते खणले कोणी, हेही नोंदवायला हवे. पहिली काही वर्षे इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीने आणले जात होते. दर महिन्याला सुमारे वीस हजार माणसे यायची, दुसरी वीस हजार परतीच्या वाटेवर असायची, आणि नाईलकाठची त्यांची शेते तशीच पडायची. पुष्कळ जागी हाताने माती उकरून टोपल्यांनी वाहिली गेली. वाळवंटात या माणसांना पिण्याचे पाणीही नव्हते, म्हणून नाईलपासून गोड्या पाण्याचा वेगळा कालवा काढावा लागला. इजिप्तचे शासक (खेदिव) इस्माइल पाशा यांच्या काळात वेठ बंद झाली, तेव्हा नुकसानभरपाईचा वाद फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यापुढे गेला आणि इजिप्तवर 8 कोटी 40 लाख फ्रँकचा बोजा पडला. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्यांना वेठीतून सोडवल्याबद्दल इजिप्तनेच पैसे मोजले. त्यानंतर कंपनीने वाफेवर चालणारी गाळ काढण्याची यंत्रे आणली आणि एकूण खोदाईतला मोठा वाटा त्या यंत्रांनी उचलला.

इजिप्त कर्जात रुतत गेला आणि 1875 मध्ये खेदिवाने आपले 1,76,602 शेअर ब्रिटनला सुमारे 40 लाख पौंडांना विकले. 1956 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले त्यामागे हा सारा हिशेब होता. वर्गात मी सुएझ शिकवते तेव्हा मुंबई आणि लंडन यांच्यातले अंतर किती कमी झाले हे मुलांना पटकन पाठ होते. टोपली वाहणाऱ्याबद्दल पुस्तकात ओळ नसते, म्हणून ती मी फळ्यावर वेगळी लिहून देते.

हिवताप निर्मूलन कर्मचारी, पंचवटी

पनामाच्या अपयशात माती आणि नदी यांच्याइतकाच डासांचा वाटा होता आणि तो येथे अजून आलेला नाही, म्हणून लिहीत आहे. फ्रेंच काळात पनामात सुमारे 22,000 माणसे दगावली असा अंदाज सांगितला जातो. त्यांत पीतज्वर आणि हिवताप यांचे बळी फार मोठे होते. मुख्य संचालक ज्यूल डिंग्लर सहकुटुंब तेथे गेले आणि वर्ष-सव्वा वर्षात त्यांची मुलगी, मुलगा, होणारा जावई आणि शेवटी पत्नी, असे सारे घर गेले.

फ्रेंचांनी रुग्णालये चांगली बांधली होती, आणि येथेच मन विषण्ण करणारी गोष्ट आहे. जुन्या घरांत दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, हे अनेकांनी पाहिले असेल. पनामाच्या रुग्णालयात खाटांचे पाय तसेच पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत आणि बागेतल्या झाडांभोवतीही पाण्याची कडी असत. त्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात पीतज्वराचे डास वाढत होते आणि खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. दुसऱ्याच आजारासाठी आलेला रुग्ण शेजारच्या खाटेवरून पीतज्वर घेत होता. हे कोणाच्या हलगर्जीपणाने झाले असे म्हणता येणार नाही. क्यूबातील डॉ. कार्लोस फिन्ले यांनी डासांवर बोट 1881 मध्येच ठेवले होते, पण ते मान्य व्हायला 1900 साल उजाडले. डॉ. रोनाल्ड रॉस यांना आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला तो 1897 मध्ये. फ्रेंच कंपनी त्याआधीच बुडाली होती. त्यामुळे सारे अपयश लेसेप्स यांच्या हट्टावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

अमेरिकी काळात डॉ. विल्यम गॉर्गास यांनी जे केले ते आमचेच रोजचे काम आहे. घरोघर धुरी, पाण्याच्या पिंपांना झाकणे, डबक्यांवर तेल, खिडक्यांना जाळ्या, आणि लोकांना पाणी साठवावेच लागू नये म्हणून शहरात नळ. 1905 च्या अखेरीस पनामा शहरातला पीतज्वर संपला. तो पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास तोच, ज्याच्यामुळे नाशिकमध्ये दर पावसाळ्यात डेंग्यू होतो. कूलरची टाकी कलती करून आम्ही टॉर्चच्या उजेडात अळ्या दाखवतो, तेव्हा "पाणी तर स्वच्छ आहे" असे उत्तर येते. पनामाच्या त्या रुग्णालयातले पाणीही स्वच्छच होते.

जहाजावरचा माणूस, इंदिरानगर

मी व्यापारी जहाजांवर काम करतो आणि पनामातून काही वेळा गेलो आहे. नाशिक रोडच्या काकांनी हौदाचे तत्त्व सांगितले, मी डेकवरून काय दिसते ते सांगतो.

जुन्या लॉकचा हौद 305 मीटर लांब आणि 33.5 मीटर रुंद आहे. आमचे जहाज 32.2 मीटर रुंद होते, म्हणजे प्रत्येक बाजूला हातभराहून थोडीच अधिक जागा. एरवी कोणत्याही बंदरात पायलट, म्हणजे वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, सल्ला देतो आणि जबाबदारी कॅप्टनची राहते, पण पनामात जहाजाची सूत्रे पायलटच्या हाती जातात. लॉकच्या तोंडाशी एक साधी वल्ह्यांची होडी येते आणि तीतली दोन माणसे पहिला दोर जहाजाशी जोडतात. हजारो टनांच्या जहाजापुढे ती होडी पाहताना प्रत्येक वेळी छातीत धस्स होते. मग दोन्ही भिंतींवरच्या रुळांवर चालणारी विजेची इंजिने, ज्यांना तेथे खेचरे म्हणतात, तारा ताणून जहाजाला मधोमध धरून ठेवतात. दारे बंद झाली की तळातून पाण्याच्या उकळ्या फुटू लागतात, आणि थोड्या वेळापूर्वी डोक्यावर असलेली ओली, शेवाळलेली भिंत हळूहळू खाली सरकत जाते. सारे दहा मिनिटांच्या आत आटोपते. दारांची पाने दोन मीटरांहून जाड पण आतून पोकळ आहेत, त्यामुळे ती पाण्यात निम्मी तरंगतात आणि लहान मोटारही त्यांना हलवू शकते. 15 ऑगस्ट 1914 रोजी आंकोन हे जहाज अधिकृतपणे पार झाले, त्या दिवसापासून हीच रचना चालू आहे.

कुलेब्रातून जाताना दोन्ही काठांना पायऱ्यापायऱ्यांचे कापलेले डोंगर दिसतात. उद्घाटनानंतरही तेथे दरडी कोसळत राहिल्या आणि 1915 च्या सप्टेंबरात तर कालवा कित्येक महिने बंद ठेवावा लागला. सिन्नरच्या ताईंनी टोपलीवाल्यांचा विषय काढला म्हणून सांगतो: या खिंडीत सुरुंग लावणारे आणि रूळ सरकवणारे बहुतेक बार्बाडोस आणि आसपासच्या बेटांवरचे मजूर होते. गोऱ्यांचा पगारपट "सोन्याचा" आणि यांचा "चांदीचा" म्हटला जाई. घरे, खाणावळी, अगदी टपाल खिडक्याही वेगळ्या. अमेरिकी काळातले नोंदलेले मृत्यू 5,609 आहेत आणि त्यांतले बहुसंख्य हे चांदीच्या पटावरचे.

निफाडचा बागायतदार

सर, ताई, पंचवटीचे आणि इंदिरानगरचे दादा, आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पाणी खाली येते म्हणून जहाज वर जाते, हे आता मनात पक्के बसले. पण त्यातूनच पुढची शंका निघते. प्रत्येक जहाजामागे तलावातले गोडे पाणी समुद्रात जात असेल, तर तो तलाव पुरतो कसा? आमच्याकडे आवर्तनाचा एक दिवस पुढे-मागे झाला तरी बागेचे गणित बिघडते.

सेवानिवृत्त अभियंता, नाशिक रोड

प्रथम शिक्षिका ताई आणि पंचवटीचे बंधू यांच्या दोन्ही दुरुस्त्या मी मान्य करतो. डासांची माहिती नसताना लॉकची योजनाही फ्रेंचांना बहुधा तडीस नेता आली नसती.

आता पाणी. जुन्या लॉकमधून एक जहाज एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाते तेव्हा सुमारे 20 कोटी लिटर गोडे पाणी खर्ची पडते. आपल्याकडच्या मापात हे जवळपास 7 दशलक्ष घनफूट होते. दिवसाला 36 जहाजे धरली तर 250 दशलक्ष घनफूट. गंगापूर धरणाचा उपयुक्त साठा साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांच्या आसपास आहे, म्हणजे पूर्ण भरलेले गंगापूर या कालव्याने तीन आठवड्यांत रिकामे केले असते. गाटूनचा तलाव मोठा आहे, सुमारे 425 चौरस किलोमीटरांचा, आणि वरच्या अंगाला 1935 मध्ये चाग्रेसवरच आणखी एक धरण बांधून साठा वाढवला आहे. तरीही सारी भिस्त पावसावर आहे. 2016 मध्ये उघडलेल्या नव्या, मोठ्या लॉकना बाजूला पाणी साठवणारे हौद जोडले आहेत आणि त्यांतून प्रत्येक खेपेचे सुमारे 60 टक्के पाणी पुन्हा वापरले जाते. जुन्या लॉकना ती सोय नाही.

2023 मध्ये पाऊस हुकला, तेव्हा तलावाची पातळी उतरली आणि रोजच्या 36-38 जहाजांची संख्या वर्षअखेरीस 24 च्या घरात आणावी लागली. जहाजांना माल कमी भरून यावे लागले आणि रांगा लागल्या. आपला माल सुएझच्या वाटेवर अडकत होता, त्याच महिन्यांत पनामाची वाटही पाण्यासाठी आवळलेली होती.

याच तलावातून पनामा शहराला पिण्याचे पाणीही जाते. गंगापूर-दारणेतून जायकवाडीला किती सोडायचे यावर आपल्याकडे दर दुष्काळात जो वाद पेटतो, तसाच पेच तेथे शहर आणि जहाजे यांच्यात आहे. त्यावर उपाय म्हणून रिओ इंदिओ या शेजारच्या नदीवर धरण बांधून ते पाणी बोगद्याने गाटूनमध्ये आणण्याची योजना पुढे आली आहे. त्या खोऱ्यातली गावे पाण्याखाली जाणार असल्याने तेथील शेतकरी तिला विरोध करीत आहेत.